हजेरीपटावरच्या तिघी

आमच्याकडे 'पोरगी चाकणला गेली' याचा अर्थ कॉलेज सुटलं, एवढाच होतो. मांजरेच्या काठावरच्या एका तालुक्याच्या गावात मी तेवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि गेल्या वर्षभरात हे वाक्य स्टाफरूममध्ये, भाजीबाजारात, रिक्षात इतक्यांदा ऐकलं की चाकण हे प्रत्यक्ष गाव आहे, तिथे रस्ते, दुकानं आणि कांद्याचा बाजार आहे, हेच मी विसरून गेले होते. श्रावणात चार दिवस रजा काढून मी तिकडे जाऊन आले. माझ्यासारख्या ज्यांनी ते नुसतं ऐकलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जाण्याचं कारण असं. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता नदी गावात शिरली. कॉलेजच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं आणि आमचं सगळं तळमजल्यावरच होतं: ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा. पाणी ओसरल्यावर वर्गांमध्ये वस्तीवरची माणसं राहायला आली. परीक्षा पुढे गेल्या. दिवाळीनंतर बाकं धुऊन पुन्हा मांडली, तेव्हा बाकं होती तेवढीच होती, मुलं मात्र निम्मी. बाकीची कुठे गेली, हे कुणी कुणाला विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

यंदा विद्यापीठानं अशा मुलांना दुसऱ्या वर्षात पुन्हा प्रवेश घ्यायची मुभा दिली आणि मुदतही वाढवली. आमच्या विषयाला दुसऱ्या वर्षात दोन नावं कमी पडत होती. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, दोन नावं भरली तर वर्ग राहतो. नाहीतर संस्था विषय बंद करणार. बघा काय जमतं का."

सोनाली, कोमल आणि वैष्णवी या तिघी पहिल्या वर्षाला माझ्याकडे होत्या आणि तिघीही चाकणच्या कारखान्यांलगतच्या निघोज्यात एकत्र राहतात, असं कळलं होतं. तिघींपैकी दोघी आणायच्या. मी प्रवेशाचे फॉर्म घेतले. त्यांची कार्यालयातली मूळ कागदपत्रंही घेतली, फॉर्म तिथेच भरून घेता यावेत म्हणून. पुरानंतर हे कागद मीच वरच्या मजल्यावर दोऱ्यांवर वाळवले होते. आणि मी निघाले.

निगडी, मंगळवार

वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. सवयीनं पर्समधून फोन काढला. 'पोचले' म्हणून सांगायला कुणाचा नंबर लावायचा, हे मग लक्षात आलं. आईला जाऊन दोन वर्षं झाली. फोन पुन्हा आत ठेवला आणि रिक्षा केली.

माझी कॉलेजातली मैत्रीण सुलभा निगडी प्राधिकरणात राहते. ती नातवंडासाठी बेंगळुरूला गेलेली. "फ्लॅट रिकामाच आहे, किल्ली वॉचमनकडे ठेवलीय," असं म्हणाली होती. प्राधिकरण फार नेटकं आहे. सरळ रस्ते, दुतर्फा झाडं, बंगल्यांना नावं. झाडं मोजत चालायची माझी खोड आहे. सोनमोहर, कांचन, मधेच एक सुरेख बकुळ. बकुळीखाली फुलांचा सडा पडलेला आणि एकही बाई वेचत नव्हती. आमच्या गल्लीत अशी बकुळ असती तर पहाटे भांडणं झाली असती.

फ्लॅटमध्ये सोफ्यावर चादरी घातलेल्या होत्या. मी चादर न काढता त्यावरच बसले. दूध आणायला खाली गेले तेव्हा जिन्यात समोरच्या फ्लॅटमधल्या बाई भेटल्या. मी हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. आमच्याकडे नवं माणूस आलं की तासाभरात कुणीतरी विरजणाच्या निमित्तानं येऊन कूळ, गाव, लग्न, सगळं विचारून जातं. एरवी मला त्याचा किती राग येतो. त्या संध्याकाळी बेल वाजावी असं मला फार वाटत होतं. खिचडी केली, सुलभाच्या बारा खुर्च्यांच्या टेबलाशी बसून खाल्ली, ताट धुऊन जिथलं तिथे ठेवलं.

निघोजे, बुधवार

मुली पहिल्या शिफ्टला असतात आणि तीनला सुटतात, म्हणून दुपारी निघाले. निगडीच्या बसस्टँडवरून तळवड्यापर्यंत बस मिळाली. पुढची बस कुठून, ते नीट कळेना. चौकात कंटेनर, डंपर, टेम्पो असे काही दाटलेले की रस्ता ओलांडायला मला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात एक पांढरी बस थांबली आणि निळे एप्रन घातलेल्या बायका चढू लागल्या. "निघोजे?" मी विचारलं. एकीनं मान हलवली. मी चढले.

आत सगळ्या डुलक्या काढत होत्या किंवा फोन बघत होत्या. कंडक्टर नव्हता. तिकीट पुढे काढत असतील, असं समजून मी हातात पैसे धरून बसले. पंचवीस मिनिटांनी बस एका मोठ्या फाटकातून आत गेली, सगळ्या भराभर उतरल्या आणि मी एका कंपनीच्या आवारात एकटी उभी राहिले.

सुरक्षारक्षक पुढे आला. "मॅडम, कार्ड दाखवा."

"कसलं कार्ड?"

"कंपनीचं. कोन्या डिपार्टमेंटला हाव तुम्ही?"

"वनस्पतिशास्त्र," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं मला खालीवर पाहिलं. "कॅन्टीनच्या नव्या बाई का?"

मी सगळा प्रकार सांगितला. आमच्या गावाचं नाव ऐकल्यावर त्याचा चेहराच बदलला. तो जिंतूरकडचा निघाला. त्यानं स्वतःची प्लास्टिकची खुर्ची मला दिली, कागदी कपात चहा आणला आणि स्वतः उभा राहिला. "मी इतिहासाचा एम.ए. हाव," तो म्हणाला. "पहिली दोन सालं कुनाला सांगितलं न्हाई. आता सांगतो. कुनी हसत न्हाई. हितं निम्मे तसेच हायेत." मग फाटकाबाहेर हात करून त्यानं वाट दाखवली. "निघोजं जवळच हाय. कोन्याबी जिन्यात हाक मारा, आपल्याकडचं कुनीतरी ओ देतंय."

निघोजे गाव कधीकाळी साधं, शेतकऱ्यांचं असणार. मारुतीचं देऊळ आहे, पार आहे. पण पारापासून चार पावलांवर तीनमजली इमारती सुरू होतात. प्रत्येक मजल्यावर ओळीनं दारं, प्रत्येक दाराबाहेर सेफ्टी शूजचे जोड आणि दोरीवर वाळणारे एकाच रंगाचे शर्ट. मुलींची इमारत शांताबाईंची. त्या उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या.

"मराठवाड्याच्या तीन मुली इथे राहतात का?" मी विचारलं.

"व्हय, हायेत की. वरल्या मजल्याव. तुमी आई का त्येंच्या?"

"नाही, शिक्षिका."

"बाई का! बसा, बसा. येतीलच आता." त्यांनी सूप बाजूला सारलं. "खालची खोली मोठी हाय, हवेशीर हाय. तीच देत व्हते आमी. पर न्हाई म्हनल्या. ती वैष्णवी तर आतसुदिक यीना. म्हनली, आजी, वरचीच द्या, बारकी आसली तरी चालंल."

शांताबाई अंगणापलीकडे बोट करून सांगत राहिल्या, "हितं समदी कांद्याची पट्टी व्हती आमची. पल्याडली जमीन कंपनीत गेली, हितं खोल्या बांदल्या. पोरगा कंपनीत, सून कंपनीत. दिसभर मीच हाय. या पोरी आल्यापासनं जरा बोलायला तरी हाय कुनी."

सव्वातीनला अंगणात पावलं वाजली. सोनालीनं मला पाहिलं आणि "अय्या, मॅडम!" म्हणून किंचाळलीच. कोमल मागे होती, तिनं वाकून नमस्कार केला. वैष्णवी सगळ्यात शेवटी आली. तिनं निळा एप्रन काढला, घडी केली आणि मग म्हणाली, "कशा आहात, मॅडम?"

खोलीत तीन गाद्या, एक गॅस, भिंतीवर एक आरसा. उंच खिळ्याला प्लास्टिकची एक पिशवी लटकत होती, तिचं तोंड घट्ट बांधलेलं. मला एकुलत्या खुर्चीवर बसवून तिघी रांगेनं खाली बसल्या, वर्गात बसायच्या तशा. सोनालीनं माझ्यासाठी सुशीला केली. चुरमुरे भिजवून, शेंगदाण्याचं कूट, मिरची, वरून कोथिंबीर. घरच्यासारखी झाली होती. "मॅडम, इथे कुणाला हे माहीतच नाही," सोनाली हसत म्हणाली. "पहिल्यांदा केली तेव्हा बाजूच्या सातारच्या वहिनी विचारतात, सुशीला कोण? तुमची चौथी मैत्रीण का?"

खाऊन झाल्यावर मी फॉर्म काढले आणि सगळं समजावलं. मुदत, हजेरीची सवलत, हॉस्टेलची खोली. मी चांगलं बोलले असेन, कारण कोमलचे डोळे भरून आले. सोनालीनं मात्र सरळ सांगितलं. तिचं लग्न ठरलंय. मुलगा याच भागात कामाला आहे, दिवाळीनंतरचा मुहूर्त आहे. "मला इथं आवडतं, मॅडम," ती म्हणाली. "रागावू नका." तिच्यावर रागावण्यासारखं काहीच नव्हतं. ती आनंदात होती.

"मी येते, मॅडम," कोमल म्हणाली. "खरंच येते. शुक्रवारी तुमच्याबरोबरच निघते." तिनं तिथेच फॉर्म भरला, सही केली.

म्हणजे एक नाव मिळालं. मी वैष्णवीकडे पाहिलं. ती कोथिंबिरीची उरलेली जुडी निवडत होती, देठ एकीकडे, पानं एकीकडे. पहिल्या वर्षाला या मुलीनं देठांचे असे छेद कापले होते की मी ते पुढच्या वर्गांना दाखवायला जपून ठेवले. ब्लेड तिच्या हातात हलायचंच नाही.

"मी गच्चीवरून कपडे आणते," ती म्हणाली आणि उठली. मी तिच्यामागे गेले.

गच्चीवरून निळ्या पत्र्यांची छपरं दूरपर्यंत दिसत होती. मधूनच एखादा हिरवा तुकडा, त्यात सोयाबीन. पलीकडे इंद्रायणीची ओळ, आणि त्याच्या मागे ढगांत बुडालेले डोंगर. वैष्णवी नदीकडे पाठ करून कपडे काढत होती.

"काम काय असतं तुझं?" मी विचारलं.

"गाड्यांच्या वायरी बनवतात. तारेला टोक नीट दाबलं गेलंय का ते बघायला ती आडवी कापतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. ते काम." ती जराशी हसली. "आल्यावर विचारलं, मायक्रोस्कोप कुणाला येतो? मी हात वर केला. एकटीनंच. बाकीच्या दिवसभर उभ्या असतात, मला बसायला मिळतं."

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. कुठलं जास्त, ते आजही सांगता येणार नाही. "मग चल ना परत," मी म्हटलं. "तुझ्यासारखा हात माझ्या एकाही वर्गात नव्हता."

तिनं शर्टाची घडी घातली, मग दुसऱ्याची. "मॅडम, एक विचारू? तुम्ही आमच्यासाठी आलात का वर्गासाठी?"

खालून ट्रकचा हॉर्न वाजत होता. मी दोरीवरचा एक शर्ट काढून तिच्या हातात दिला. मग खरं ते सांगितलं. "दोन्हीसाठी. दोन नावं भरली नाहीत तर विषय बंद होणार आहे."

तिनं मान हलवली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "पूर आला त्याच्या आठव्या दिवशी मला कॉलेजातून फोन आला होता. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात होतो. बाबांचा फोन कुणाच्या तरी गाडीवर चार्ज करून आणलेला. फोन आला म्हणून आम्ही सगळे गोळा झालो. म्हणाल्या, वैष्णवी, तुझी हजेरी कमी भरतेय, परीक्षेला बसता येणार नाही."

"मीच केला होता," मी म्हटलं.

"हो. तुम्हीच."

मला तो दिवस आठवला. विद्यापीठाला कमी हजेरीच्या मुलांची यादी पाठवायची होती. मी हजेरीपट पुढ्यात घेऊन एकामागून एक नंबर लावत होते. बरेचसे लागलेच नाहीत. जे लागले त्यांना मी ते एकच वाक्य म्हटलं आणि नावापुढे खूण केली. घरी सगळे सुखरूप आहेत का, हे मी एकालाही विचारलं नाही. यादी त्याच दिवशी गेली.

"मला शिकायचंय, मॅडम," वैष्णवी म्हणाली. "पण काम सोडून नाही. राजगुरुनगरला मुक्त विद्यापीठाचं केंद्र आहे. बी.ए. करता येतं. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. वर्ग रविवारी असतात. आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी, पण रविवारी दुसरी शिफ्ट मागून घेईन. फक्त बारावीची मार्कलिस्ट कॉलेजात आहे आणि कॉलेज सोडल्याचा दाखलाही तिथूनच काढायचाय. दोनदा फोन केला कार्यालयात. प्रत्यक्ष या म्हणाले. दोन दिवसांची रजा मिळत नाही. आणि शेवटची तारीख उद्या आहे."

तिची मार्कलिस्ट त्या क्षणी त्यांच्याच खोलीत, माझ्या पिशवीत होती.

हे लिहायला मला सोपं जात नाही, पण लिहिते. मी तिला ते तेव्हा सांगितलं नाही. "बघू काय करता येतं ते," एवढंच म्हणाले. बसमधून परत येताना मी सगळ्या रस्त्यानं हिशेब मांडत होते. हिनं तिकडे नाव घातलं की आमच्याकडचं कटणार. उद्याची तारीख तशीच गेली, तर कदाचित ती येईल. मला काही करायचंच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

सुलभाच्या टेबलावर मी तो कागद काढून ठेवला. कडेनं गाळाचा तपकिरी डाग पडलेला. दोरीवर घालताना मी चिमट्याखाली रुमालाची घडी ठेवली होती, कागद फाटू नये म्हणून. कागदांची मी एवढी काळजी घेतली होती. सातच्या सुमाराला वैष्णवीला फोन लावला. "तुझी मार्कलिस्ट माझ्याजवळ आहे," मी म्हटलं. "दुपारीच सांगायला हवं होतं. सकाळी चाकणच्या चौकात भेट."

मग ती म्हणाली, "बरं, मॅडम."

राजगुरुनगर, गुरुवार

चाकण सुटलं की रस्ता जरा मोकळा होतो. वैष्णवीनं केस धुतले होते आणि ठेवणीतला पिवळा ड्रेस घातला होता. भीमेच्या पुलावर तिनं डोळे मिटून घेतले. पूल संपल्यावर मी तिच्या हाताला हात लावला, तेव्हा उघडले.

केंद्र एका जुन्या कॉलेजच्या कोपऱ्यातल्या खोलीत होतं. टेबलामागे निवृत्तीला आलेले एक गृहस्थ होते, सगळे त्यांना बापू म्हणत. रांगेत बहुतेक सगळे कामावरचेच, कुणी गणवेशात, एक बाई कडेवर मूल घेऊन. आमचा नंबर आल्यावर बापूंनी मार्कलिस्ट उजेडाला धरली. "हे काय झालंय?"

"पाण्यात होती," वैष्णवी म्हणाली.

"बैठक क्रमांकाचा शेवटचा आकडा दिसत नाही. असं मला घेता येणार नाही, बाळ. दुसरी प्रत काढून आण."

"आज शेवटची तारीख आहे," मी मधे बोलले.

"तुम्ही हिच्या कोण?"

"शिक्षिका. हिच्या कॉलेजात."

बापूंनी चष्मा कपाळावर घेतला. "मग तुमच्याच कॉलेजात का घेत नाही हिला?"

रांग ऐकत होती. "आमचं कॉलेज हिला लांब पडतं," मी म्हटलं. वैष्णवीनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदाकडे.

मी कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच उभ्यानं लिहून दिलं. ही मुलगी माझी विद्यार्थिनी आहे, कागदपत्रं पुरात भिजली, दाखला आठवड्याच्या आत पाठवण्याची जबाबदारी माझी. खाली सही, हुद्दा. प्राचार्यांना विचारलं नव्हतं. बापूंनी तो दोनदा वाचला. "दाखल्याचं चालेल. पण हा आकडा?"

"तीन आहे, नाहीतर आठ," वैष्णवी म्हणाली.

त्यांनी संगणक जवळ ओढला आणि बारावीच्या निकालाचं पान उघडलं. एका बोटानं टाइप करत आधी तीन घालून पाहिलं. पडद्यावर भलत्याच कुणाचं तरी नाव आलं. मागच्या बाईंचं मूल रडायला लागलं. बापूंनी आठ घातला, आणि पडद्याकडे बघत मोठ्यानं तिचं पूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट. "हीच का तू?"

"हो," वैष्णवी म्हणाली.

विषय निवडताना तिनं यादीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. भाषा, समाजशास्त्र, इतिहास. आमच्या विषयासारखं काही त्यात नव्हतं, आणि ते आम्हा दोघींना आधीपासून माहीत होतं. तिनं तीन खुणा केल्या आणि फॉर्म आत सरकवला.

स्टँडजवळ मटकीची भेळ खाल्ली. इकडे भेळेत मोड आलेली मटकी घालतात, तिखट असते आणि भरपूर देतात. बाकावर बसून खाताना मी विचारलं, "पूर आला तेव्हा तुमच्याकडे काय झालं होतं?"

तिनं द्रोण बाकावर ठेवला. मग सांगितलं. वडील शिंपी. पहाटे पाणी आलं तेव्हा ते शिलाईमशीन माळ्यावर चढवत होते. आईनं हात धरून ओढलं म्हणून सुटले. शाळेच्या गच्चीवर दीड दिवस. लहान बहिणीला ताप. उतरल्यावर मशीन सापडली, वस्तीच्या टोकाला बाभळीत अडकलेली, पण तिचं चाक फिरेना. वडील रोज तेल घालून बघत. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी चाकणचं सुचवलं, आणि तिनं ठरवायच्या आधीच ठरून गेलं. "तुमचा फोन आला ना, तेव्हा मला वाटलं, चला, हे एक तरी सुटलं. आता दोन्हीकडे बघायला नको," ती म्हणाली. "तसा तो उपयोगीच पडला."

तिनं ते मला दुखवायला म्हटलं नव्हतं. माझ्या द्रोणात भेळ तशीच राहिली.

चाकणला ती उतरली. गर्दीत पिवळा ड्रेस थोडा वेळ दिसला. खिडकीतून हात करायचा राहिलाच.

वल्लभनगर, शुक्रवार

कोमलनं आठची वेळ दिली होती. मी साडेसातलाच स्टँडवर जाऊन दोन तिकिटं काढली. पोहे घेतले, तिच्यासाठीही बांधून घेतले. प्रत्येक रिक्षातून तीच उतरतेय असं वाटत होतं. आठ वाजून गेले. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं तेव्हा फोनवर संदेश आला, 'सॉरी मॅडम. घरून नको म्हणाले. फोन करू नका प्लीज, मला रडायला येईल.'

मी केला नाही. शेजारच्या सीटवर एका बाईंनी विचारून पिशवी ठेवली. नगरपर्यंत पाऊस भुरभुरत होता. पुढे ऊन पडलं.

परत

संस्थेची बैठक ठरल्याप्रमाणे झाली. आमचा दुसऱ्या वर्षाचा वर्ग बंद झाला. उरलेल्या मुलांना रसायनशास्त्राकडे वळवलं. मला आता कला आणि वाणिज्यच्या मुलांना पर्यावरणाचा पेपर शिकवायला दिला आहे. मोठा वर्ग असतो आणि मुलं मागच्या बाकांवर बसतात. वर्ग सुरू करण्याआधी मी कोण आलं नाही ते बघते आणि संध्याकाळी त्यांना फोन करते. हजेरीचं बोलत नाही. काही जण पहिल्यांदा घाबरतात.

वैष्णवीचा दाखला काढायला आल्या दिवशीच कार्यालयात गेले. प्राचार्य माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही नावं आणायला गेला होतात, मॅडम." मी हो म्हटलं. त्यांनी सही केली.

कारकून गायकवाडांनी तिघींची नावं कमी करायला रजिस्टर उघडलं. "सोडण्याचं कारण काय लिहू?"

"पूर लिहा."

"पूर असं नाही लिहीत, मॅडम. स्थलांतर, स्वेच्छा, पुढील शिक्षण, एवढंच चालतं."

सोनाली आणि कोमलपुढे त्यांनी 'स्वेच्छा' लिहिलं. मी अडवलं नाही. वैष्णवीपुढे 'पुढील शिक्षणासाठी' लिहायला लावलं. गायकवाडांनी पान उलटून दाखवलं. वर्षभरात नावं कमी झालेल्या जवळपास सगळ्यांपुढे 'पुढील शिक्षणासाठी' हेच कारण होतं. कार्यालयाला ते सोयीचं पडत असे. "खरं असलेलं हे एकच असेल यात," ते म्हणाले.

दाखला पाकिटात घालून मी पोस्टात गेले. खिडकीतल्या बाई नव्या होत्या. त्यांनी पाकीट वजनाला टाकलं. "रजिस्टर करायचंय? आत काय आहे?"

"कॉलेजचा दाखला."

"मुलीचा?" त्यांनी शिक्का उचलत सहज विचारलं.

"हो," मी म्हटलं.